इंग्रजीत भरभरून आभार मानायचे तर नेमकं काय लिहावं?

प्रश्न असा आला आहे: ‘मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात निर्यातीचा पत्रव्यवहार बघतो. डाइंगचा एक लॉट शेडला जुळला नाही, परत रंगवावा लागला आणि माल तारखेत निघेना. इंग्लंडच्या बायरने एलसीवरची, म्हणजे त्याच्या बँकेनं दिलेल्या पेमेंटच्या हमीपत्रावरची, शिपमेंटची शेवटची तारीख तीन आठवडे पुढं ढकलून दिली, वर बँकेचा खर्चही स्वतःच सोसला. शेठ म्हणाले, नुसतं थँक यू नको, त्याला पोचलं पाहिजे असं लिही. मी लिहिलं, “रिस्पेक्टेड सर, वी आर सो मच थँकफुल टू यू फ्रॉम द बॉटम ऑफ अवर हार्ट. व्हेरी व्हेरी थँक्स फॉर युअर काइंड सपोर्ट.” ऑफिसात एक जण म्हणतो हे चूक आहे, “थँक यू सो मच” एवढं पुरे. दुसरा म्हणतो “सो मच” बायका वापरतात, “व्हेरी मच” लिही. बरोबर काय?’

तुमच्या शेठचं म्हणणं योग्य आहे. बायरने खरोखर मोठं काम केलंय आणि दोन शब्दांत ते उरकलं तर कोरडं वाटेल. पण मसुदा जसा आहे तसा पाठवू नका. त्यात जोर भरपूर आहे, पण नेमकं कशाबद्दल आभार मानताय ते कुठंच नाही. सोलापुरातल्या कारखानदारांचे असे मेल लिहून देणं, तपासून देणं हेच माझं रोजचं काम आहे आणि दहातल्या आठ मसुद्यांत मला हेच दिसतं: ‘व्हेरी’वर ‘व्हेरी’ चढवलेला, आणि समोरच्यानं काय केलं त्याचा पत्ता नाही.

आधी व्याकरण उरकून घेऊ.

‘सो मच थँकफुल’ होत नाही. ‘मच’ हे असं साध्या विशेषणाआधी बसत नाही. ‘सो थँकफुल’ किंवा ‘व्हेरी थँकफुल’ म्हणा. त्यातही माणसाचे आभार मानताना ‘ग्रेटफुल’ जास्त चपखल. पाऊस उघडला आणि माल कोरडा राहिला, घाटात गाडी उलटता उलटता वाचली, अशा वेळी इंग्रज माणूस ‘थँकफुल’ म्हणतो. त्यात सुटकेचा भाव असतो. कुणी आपल्यासाठी मुद्दाम काही केलं की ‘ग्रेटफुल’. रचना पक्की लक्षात ठेवा: माणसाला ‘टू’, कामाला ‘फॉर’. ‘वी आर ग्रेटफुल टू यू फॉर एक्स्टेंडिंग द डेट.’ ‘फॉर’पुढं नाम येतं नाहीतर ‘इंग’ लागलेलं क्रियापद. ‘थँक यू टू एक्स्टेंड’ किंवा ‘थँक यू दॅट यू एक्स्टेंडेड’ हे दोन्ही बाद.

‘व्हेरी व्हेरी थँक्स’ पण नाही. ‘थँक्स’ हे अनेकवचनी नाम आहे, त्याला ‘मेनी’ लागतं. आपल्याकडं घरात एक भाषा, गल्लीत दुसरी, बाजारात तिसरी. तेलुगू बोला, कन्नड बोला नाहीतर मराठी, शब्द दोनदा म्हटला की जोर आला, ही सवय अंगात मुरलेली. ‘लई लई आभार’ आपल्या कानाला गोड लागतं. इंग्रजीत ‘व्हेरी व्हेरी’ बोलताना खपून जातं, लिहिताना पोरकट दिसतं.

आणि ‘मनःपूर्वक’साठी पुष्कळ जण ‘हार्टिली थँक्स’ लिहितात. ‘हार्टिली’ माणूस जेवतो, ‘हार्टिली’ हसतो. आभारांना ‘हार्टफेल्ट’ लावतात: ‘अवर हार्टफेल्ट थँक्स’. ‘बॉटम ऑफ द हार्ट’ व्याकरणाने चालेल, ‘वी’ म्हटल्यावर ‘हार्ट्स’ करावं लागेल एवढंच. पण ते वाक्य तुमच्या पोराचा जीव वाचवणाऱ्या डॉक्टरला शोभतं. एलसीच्या तारखेला ते फार मोठं होतं, आणि इंग्लंडचा माणूस तर अशा वाक्याने अवघडून जातो.

आता तुमच्या ऑफिसातल्या भांडणाकडं येऊ. ‘सो’ बायका जास्त वापरतात हे तुमच्या सहकाऱ्याने हवेतून आणलेलं नाही. अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफ यांनी १९७०च्या दशकात बायकांच्या बोलण्याच्या ज्या खुणा सांगितल्या त्यात हा जोर देणारा ‘सो’ होता. पण त्याला पन्नास वर्षं झाली. आज ‘थँक यू सो मच’ लंडनमध्येही म्हणतात आणि न्यूयॉर्कमध्येही, पुरुषही म्हणतात आणि कंपनीचे संचालकही. फरक राहिलाय तो उबेचा. ‘व्हेरी मच’ सभ्य आणि समतोल आहे. दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो, निवेदक श्रोत्यांना म्हणतो, त्यामुळं ते वापरून वापरून गुळगुळीत झालंय. ‘सो मच’मध्ये बोलणारा थोडा पुढं झुकलेला दिसतो. ओळखीच्या बायरने अडचणीत हात दिला असेल तर मी डोळे मिटून ‘सो मच’ लिहिते. पहिल्यांदाच संबंध येणाऱ्या बँकेला किंवा दूतावासाला ‘व्हेरी मच’.

इंग्लंडच्या माणसासाठी आणखी एक सोय आहे: ‘थँक यू व्हेरी मच इनडीड’. हे शेपूट खास ब्रिटिश. अमेरिकन बायरला लिहिलंत तर तो समजेल, पण त्याच्या तोंडचं नाही ते. ‘मेनी थँक्स’सुद्धा ब्रिटिश मेलमध्ये फार दिसतं, पण त्यावर भरवसा ठेवू नका. तिकडं ते मेलच्या शेवटी सही करावी तसं येतं. कोटेशन मिळालं, ‘मेनी थँक्स’. पत्ता कळवला, ‘मेनी थँक्स’. शब्दशः ‘अनेक आभार’ असले तरी वजन आपल्या ‘कळावे’ एवढंच.

‘थँक्स अ लॉट’पासून लिहिताना लांब राहा. तोंडाने म्हणताना सूर कळतो, कागदावर कळत नाही. ‘लॉट’वर जोर देऊन आवाज खाली सोडला की त्याचा अर्थ ‘झाला तेवढा उपकार पुरे’ असा होतो. आपण नाही का, कुणी घोळ घातला की ‘लई उपकार झाले बघा’ म्हणत? अगदी तेच. ‘थँक्स अ बंच’ तर बहुतेकदा टोमणाच असतो. ‘थँक्स अ मिलियन’ मित्रांत ठीक. याच घरातलं ‘थँक्स टू यू’ पण जपून: ते आभार नव्हे, ‘तुझ्यामुळं’ असं आहे, आणि चांगल्या-वाईट दोन्हींना चालतं. ‘थँक्स टू यू, द शिपमेंट इज लेट’ वाचून बायर काय समजेल ते सांगायला नको.

वरच्या पट्टीतले शब्द मोजकेच आहेत आणि प्रत्येकाची जोडी ठरलेली आहे. ‘ग्रेटफुल’ला ‘डीपली’, ‘ट्रूली’, ‘एक्स्ट्रीमली’ शोभतात. ‘आय ॲम मोस्ट ग्रेटफुल’ हे भारदस्त आणि सुंदर आहे. त्यात ‘मोस्ट’च्या आधी ‘द’ घालू नका, घातलंत तर ‘सगळ्यांत जास्त आभारी मीच’ अशी स्पर्धा लागते. ‘अप्रीशिएट’ला ‘रिअली’, ‘ग्रेटली’, ‘व्हेरी मच’. ‘हायली’ मात्र यातल्या कुणाशीच नीट जमत नाही. ते आपल्याकडं आलं शाळेच्या रजेच्या अर्जातून: ‘आय शॅल बी हायली ऑब्लाइज्ड.’ सातवीत पाठ केलेलं वाक्य चाळिशीतही बोटांतून उतरतं. साहेबाच्या कचेरीतल्या अर्जाची ती भाषा. आज इंग्लंडमध्ये असं कुणी लिहीत नाही.

‘अप्रीशिएट’ची दोन पथ्यं. त्याला कर्म लागतंच, म्हणून ‘वी अप्रीशिएट युअर हेल्प’ किंवा ‘वी अप्रीशिएट इट’. आणि ‘व्हेरी मच’ क्रियापद आणि कर्माच्या मधे घुसवायचं नाही. ‘वी अप्रीशिएट व्हेरी मच युअर हेल्प’ असं मराठी कानाला चुकलं वाटत नाही, पण इंग्रजी कानाला खटकतं. ‘वी व्हेरी मच अप्रीशिएट युअर हेल्प’ करा, किंवा ‘व्हेरी मच’ शेवटी न्या. ‘वुड अप्रीशिएट इट इफ’ असं सुरू होणारं वाक्य म्हणजे आभार नाहीतच, ती मागणी आहे.

‘आय ॲम थँकिंग यू’ हे आणखी एक आपलं खास. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानांत एक साधी पण खोल गोष्ट मांडली: काही वाक्यं बोलणं हेच ते काम करणं असतं. वचन देणं, माफी मागणं, आभार मानणं ही त्यातली. म्हणून ‘आय थँक यू’ म्हटलं की आभार मानून झाले. ‘थँकिंग’ म्हटलं की बाहेर उभं राहून स्वतःचं वर्णन केल्यासारखं होतं. पत्राच्या तळाशी एकटं बसलेलं ‘थँकिंग यू’ चुकीपेक्षा जुनाट जास्त आहे. काढून टाकलंत तर कुणाला चुकल्यासारखं वाटणार नाही.

इथपर्यंत सगळी शब्दांची निवड झाली. शेठना हवंय ते ‘त्याला पोचलं पाहिजे’ एवढ्याने होत नाही. ते कशाने होतं ते तुमच्याच मसुद्यावर दाखवते.

‘युअर काइंड सपोर्ट’ हे शब्द बायरने वर्षभरात किती जणांकडून वाचले असतील! पाकिस्तानचा टॉवेलवाला हेच लिहितो, तुर्कस्तानचा हेच लिहितो. तुमच्या बायरने ‘सपोर्ट’ नावाचं काही केलेलं नाही. त्याने आपल्या बँकेत अर्ज देऊन एलसीत दुरुस्ती करून घेतली. त्या दुरुस्तीचे पैसे बहुतेकदा विकणाऱ्याच्या माथी मारले जातात, ते त्याने स्वतः भरले. शिवाय त्याच्या दुकानात टॉवेल तीन आठवडे उशिरा पोचणार, म्हणजे त्याने आपल्या गिऱ्हाइकालाही काहीतरी सांगितलं असणार. हे सगळं तुम्हाला दिसलं, हे त्याला कळलं की आभार पोचले. मग ‘व्हेरी’ एक असो की शून्य.

म्हणून मी तीन गोष्टी शोधते. त्याने नेमकं काय केलं. त्यातलं काय त्याने केलं नसतं तरी चाललं असतं. आणि त्यामुळं आपल्याला काय करता आलं. यातली मधली सगळ्यांत मोलाची. इंग्रजीत त्यासाठी एक आयतं वाक्य आहे, ‘यू डिड नॉट हॅव टू’. ‘तुम्हाला हे करायची गरज नव्हती’ एवढंच ते, पण इंग्रजीत ते कुठल्याही ‘एक्स्ट्रीमली’पेक्षा जड पडतं.

मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं. ‘डिअर’पुढं बायरचं नाव, तो तुम्हाला ज्या नावाने सही करतो तेच, ‘रिस्पेक्टेड सर’ नको. मग:

‘थँक यू सो मच फॉर एक्स्टेंडिंग द शिपमेंट डेट ऑन द एलसी, अँड फॉर डूइंग इट क्विकली. यू डिड नॉट हॅव टू टेक ऑन द बँक चार्जेस ॲज वेल, अँड वी आर ट्रूली ग्रेटफुल दॅट यू डिड. द एक्स्ट्रा थ्री वीक्स मीन दॅट वी कॅन री-डाय द लॉट प्रॉपर्ली अँड मॅच द शेड यू अप्रूव्हड. द कंटेनर विल लीव्ह सोलापूर इन गुड टाइम फॉर द न्यू डेट, अँड आय विल सेंड यू फोटोग्राफ्स ऑफ द फिनिश्ड टॉवेल्स बिफोर वी पॅक.’

बघा, जोराचे शब्द दोनच आहेत, ‘सो मच’ आणि ‘ट्रूली’. तिसरा घातलात तर पहिले दोन पातळ होतील. वरणात पाणी वाढवल्यासारखं. पातेलं भरतं, चव जाते. ‘इन गुड टाइम’ मुद्दाम आहे, कारण एलसीवरची तारीख माल जहाजावर चढल्याची असते, सोलापुरातून ट्रक सुटल्याची नव्हे. तुम्ही ‘बाय द न्यू डेट’ सोलापूर सोडलंत तर आभारही गेले आणि एलसीही गेली. शेवटचं वाक्य आभारांचं वाटत नाही, पण व्यापारात तेच खरे आभार असतात: तुम्ही दिलेली मुदत आम्ही वाया घालवणार नाही.

या मेलमध्ये एक गोष्ट मी घातलेली नाही, ती म्हणजे माफी. उशीर आपल्यामुळं झाला असेल तर ती आधीच्या मेलमध्ये मागून झालेली असली पाहिजे. मागितली नसेल तर पहिल्या ओळीत एकदाच मागा आणि पुढं जा. हल्ली कुठं कुठं शिकवतात की ‘सॉरी’ म्हणूच नका, त्याऐवजी ‘थँक यू फॉर युअर पेशन्स’ म्हणा. मला ते पटत नाही. चूक आपली आणि आभार त्याच्या सहनशीलतेचे, हे वाचणाऱ्याला अंग काढून घेतल्यासारखं वाटतं. कस्टमर केअरवाल्यांना ते लखलाभ असो.

उलट टोकही नको. ‘यू हॅव सेव्हड अवर कंपनी’, ‘विदाउट यू वी वेअर हेल्पलेस’ असली वाक्यं शेठना आवडतील, कारण ती मनातून आलेली असतात. पण बायर माणूस असला तरी बायर आहे. पुढच्या ऑर्डरला किलोमागे दर ठरवताना त्याला आठवेल की तुमची मान किती अडकली होती. आभार भरपूर माना, हिशेबाची वही उघडून दाखवू नका. आणि त्याच मेलमध्ये पुढच्या ऑर्डरची विचारणा, बाकी पेमेंटची आठवण असलं काही जोडू नका. जोडलंत की वरचं सगळं त्याची प्रस्तावना ठरतं. ‘थँक्स इन ॲडव्हान्स’ही त्याच कारणाने टाळते मी, काम व्हायच्या आधीच आभार म्हणजे नाही म्हणायची वाट बंद.

उद्गारचिन्ह एक पुरे, तेही हवंच असेल तर. सगळी अक्षरं मोठी करून लिहिणं म्हणजे ओरडणं. हात जोडलेली इमोजी आपल्याकडं नमस्कार. इंग्लंडच्या माणसाला ती प्रार्थना वाटू शकते. व्हॉट्सॲपवर चालेल, एलसीच्या मेलमध्ये नको.

फोनवर किंवा समोरासमोर बोलायची वेळ आली तर गणित थोडं बदलतं. तिथं जोर शब्दात कमी आणि आवाजात जास्त असतो. ‘थँक यू सो मच’मध्ये ‘सो’ जरा लांबवा. ‘आय डू अप्रीशिएट इट’मध्ये सगळा भार ‘डू’वर. हा ‘डू’ लिहिताना फारसा उठून दिसत नाही, पण बोलताना फार कामाचा आहे, आणि आपले लोक तो वापरतच नाहीत.

कार्यक्रमातलं इंग्रजी आभार प्रदर्शन हा वेगळाच प्रकार. आपल्याकडं त्यात प्रमुख पाहुण्यांपासून मांडववाल्यापर्यंत कुणी सुटत नाही, आणि सुटला तर रुसतो. परदेशी पाहुणे समोर असतील तर यादी आधी मराठीत उरका आणि इंग्रजीत पाहुण्यांपुरतंच बोला. समजा, चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला गेलेल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकात चिनी पाहुण्यांपुढं दोन शब्द बोलायचे आहेत. ‘वी आर व्हेरी व्हेरी थँकफुल फॉर युअर प्रेझेन्स’ यात सोलापूरही नाही आणि कोटणीसही नाहीत. त्याऐवजी: ‘डॉक्टर कोटणीस लेफ्ट फॉर चायना इन नाइन्टीन थर्टी-एट अँड नेव्हर केम होम. वी आर डीपली ग्रेटफुल दॅट यू हॅव कम ऑल द वे टू द टाउन ही वॉज बॉर्न इन.’ १९३८ साली गेले, १९४२ला तिकडंच वारले, हे पाहुण्यांना माहीत असतंच. तुम्ही ते आभारांच्या वाक्यात आणलंत की ‘डीपली’ला अर्थ येतो.

विद्यापीठातली मुलं प्रबंधाच्या ऋणनिर्देशासाठी विचारतात, त्यांना थोडक्यात: तिथं ‘आय ॲम डीपली इंडेटेड टू’ चालतं, कारण तो त्या जागेचा रिवाजच आहे. पण एकदाच, आणि गाइडसाठीच. प्रत्येकाचेच ‘डीपली’ ऋणी असाल तर गाइडच्या वाट्याला वेगळं काय उरलं?

राहता राहिलं बायरचं उत्तर. तो बहुधा ‘थँक यू फॉर युअर काइंड नोट’ असं काहीतरी लिहील, आणि तुमचा हात ‘मेन्शन नॉट’कडं जाईल. ते इंग्रजीत नाहीच. असलंच तर ‘डोन्ट मेन्शन इट’, आणि ते तुम्ही म्हणायचं नाही, कारण उपकार त्याने केलाय. अशा वेळी काही लिहू नका. माल जहाजावर चढला आणि बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे जहाज कंपनीच्या माल मिळाल्याच्या पावतीची, कॉपी हातात आली की ती पाठवताना वर एक ओळ टाका: ‘शिप्ड फोर डेज इनसाइड द न्यू डेट. थँक्स अगेन फॉर मेकिंग दॅट पॉसिबल.’ चारच्या जागी जितके दिवस हातात राहिले असतील तो आकडा घाला.